पोळ्यानंतरच्या शिंका आणि नाकातला फवारा



पोळा झाला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नाही, तोच आमच्या नाकाचा हंगाम सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, मग पाण्यासारखे गळणारे नाक, चुरचुरणारे डोळे, टाळूला खाज. दुपारी जरा बरे वाटते न वाटते तोच रात्री दोन्ही नाकपुड्या बंद. तोंडाने श्वास घेत रात्र काढायची अन् सकाळी पुन्हा तेच. हे दिवाळीपर्यंत चालते. अशी आमची पंधरा-वीस वर्षे गेली.

हे फक्त आमचेच दुखणे असते तर या पानावर त्याला जागा दिली नसती. पण भाद्रपदात गट कार्यालयात बसले की निम्मी मंडळी उपरण्याने नाक पुसताना दिसतात. "सर्दी काही हटत नाही बघा," असे जो तो म्हणतो. कोणी गोळी खातो, कोणी थेंब टाकतो, कोणी इंजेक्शन टोचून येतो. आम्ही हे तिन्ही केले. त्यात काय चुकले आणि शेवटी कशाने गुण आला, ते आज मांडायचे आहे.

ही सर्दी नव्हे

साधी सर्दी आठवड्याभरात जाते. सोबत अंग मोडून येते, कधी ताप येतो. जी सर्दी दरवर्षी ठराविक दिवसांत येते, महिना-दोन महिने राहते, ताप आणत नाही आणि नाक-डोळ्यांना खाज आणते, ती सर्दी नसून वावडे आहे. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात. हवेतले परागकण, म्हणजे फुलांची बारीक धूळ, नाकात जाते. शरीराला ती शत्रू वाटते आणि तिला हुसकून लावण्यासाठी नाकाच्या आतल्या कातडीला सूज येते, पाणी सुटते.

विलायतेत गवताच्या कापणीच्या दिवसांत हा त्रास होई म्हणून तिकडे त्याला 'हे फीवर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप, असे नाव पडले. वास्तविक त्यात ताप नसतो. जॉन बॉस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१९ साली स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी परागकण स्वतःच्या नाकात घालून पाहिले आणि दोष गवताच्या परागाचा आहे, हे १८७३ साली पुस्तक लिहून मांडले. दोघेही स्वतः रोगी होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या बांधावरचा शत्रू

आपल्याकडे या दिवसांत नाना प्रकारची गवते फुलोऱ्यावर येतात. पण त्यात एक पाहुणा असा आहे की तो आला आणि घरमालकच होऊन बसला. ते म्हणजे गाजर गवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतो, कोणी चटकचांदणी. हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सांगतात. तेव्हापासून त्याने सारा देश व्यापला. एकेक झाड हजारोंनी बी टाकते आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते. पावसाळ्यात ते माळरानावर माजते. पण पैठण-गंगापूरकडे कालव्याच्या कडेने, चारीच्या तोंडाशी, जिथे म्हणून ओल आहे तिथे ते बारा महिने हिरवे राहते. उसाला पाणी देताना आपण त्यालाही पाणी पाजत असतो.

याच्या स्पर्शाने कातडीला खाज सुटते, हे उपटणाऱ्या प्रत्येक बाईमाणसाला ठाऊक आहे. याच्या परागाने नाक वाहते आणि कोणाकोणाला दमही लागतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक नसते. त्यात भर म्हणून बाजरीच्या खळ्यावरची धूळ, कडब्याची बुरशी आणि पाचट पेटवल्याचा धूर आहेच. आधीच सुजलेल्या नाकाला एवढे पुरते.

आम्ही केलेल्या तीन चुका

पहिली चूक गोळीची. सर्दीची जुनी स्वस्त गोळी घेतली की शिंका थांबत, पण डोळ्यांवर झापड येई. एकदा ऊस भरलेली ट्रॉली घेऊन येताना ट्रॅक्टरच्या चाकावर आमचा डोळा लागला. चाक चारीत गेले, माणूस वाचला. ॲलर्जीच्या नव्या गोळ्यांनी झोप कमी येते, तरी काहींना येतेच. तेव्हा गोळी खाऊन ट्रॅक्टर चालवू नये, कडबा कुट्टी यंत्रावर उभे राहू नये. शिवाय गोळीने शिंका आणि खाज आवरते, पण चोंदलेले नाक म्हणावे तसे मोकळे होत नाही.

दुसरी चूक थेंबांची. नाक मोकळे करणारे थेंब औषधाच्या दुकानात मागितले की मिळतात. टाकले की दोन मिनिटांत नाक उघडते. माणूस म्हणतो, वा! पण पाच-सात दिवसांपेक्षा जास्त टाकले की नाकाला त्याची सवय जडते. थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदते. मग पुन्हा थेंब. आम्ही चार महिने उशाशी बाटली घेऊन झोपत होतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. "एक सुई घ्या, वर्षभर नाव घेणार नाही," असे एका ठिकाणी सांगितले गेले. सुई टोचली आणि खरोखर तीन दिवसांत नाक कोरडे झाले. लागोपाठ तीन वर्षे ती घेतली. पुढे तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली, तेव्हा शहरातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी पाहून कपाळाला हात लावला. ती सुई जास्त दिवस टिकणाऱ्या स्टिरॉइडची होती. कारखान्याची साखर वाढावी, रक्तातली वाढू नये!

मग फवाराही स्टिरॉइडचाच कसा?

त्याच डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला आणि तोही स्टिरॉइडचाच आहे, असे सांगितले. आम्ही चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. २०२१ साली कोरोनानंतर काळ्या बुरशीने माणसे कशी गेली, कोणाचे डोळे गेले, हे आपण पाहिले आहे. मधुमेह आणि स्टिरॉइडचा भारी मारा एकत्र आला की काय होते, ते तेव्हा खेडोपाडी कळले. तेव्हापासून नुसत्या नावानेच माणूस दचकतो.

यावर डॉक्टरांनी आम्हाला आमच्याच भाषेत विचारले, "तुमच्या उसाला पाणी कसे देता?" आम्ही म्हटले, "आता ठिबकने." ते म्हणाले, "मग झाले तर. सुई किंवा गोळी म्हणजे पाटपाणी. मुळाला हवे म्हणून सारे वावर भिजवायचे. फवारा म्हणजे ठिबक. जिथे सूज आहे तिथेच थेंबभर."

पुढे आम्ही माहिती घेतली ती अशी. सूज उतरवण्याचे स्टिरॉइडचे काम जगाला कळले, त्या शोधाबद्दल केंडॉल, राइकस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण पोटातून दिलेले औषध अंगभर पसरून त्रास देई. तेव्हा लागेल तिथेच काम करील अशा औषधाचा शोध सुरू झाला आणि १९७० च्या दशकात बेक्लोमेथासोनचा फवारा आला. त्यानंतर बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही औषधे आली. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोनच्या फवाऱ्यातून तर शंभरातले दोन भागसुद्धा रक्तात उतरत नाहीत. एका फवाऱ्यातले औषध साधारण ५० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. मोठ्या माणसांत नाकाच्या ॲलर्जीचा त्रास मध्यम किंवा जास्त असेल, नाक चोंदत असेल, तर आज जगभर डॉक्टर हाच उपाय पुढे ठेवतात. डोळ्यांची खाजही त्याने बऱ्यापैकी कमी होते.

लोक फवारा अर्ध्यात का टाकतात?

याचे कारण एकच. थेंब टाकल्यासारखे नाक दोन मिनिटांत उघडत नाही. थोडा गुण अर्ध्या-एका दिवसात दिसू लागतो, पण पुरता गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. माणूस दोन दिवस मारतो, "यात काही दम नाही" म्हणतो आणि बाटली कोनाड्यात ठेवतो. आम्हीही तेच करणार होतो.

फवारा रोज मारायचा असतो, त्रास असो वा नसो. ज्यांचा त्रास ठराविक दिवसांत येतो त्यांनी तो आधीच सुरू करावा. लागणीच्या वेळचा खताचा डोस ऊस पिवळा पडल्यावर देऊन कसे चालेल? आम्ही सोपी खूण धरली आहे. आमचे नाक पोळ्याला सुरू होते, म्हणून बरोबर पंधरा दिवस आधी, राखी पौर्णिमेला पहिला फवारा. हंगाम संपला की डॉक्टरांना विचारून बंद.

सुरुवातीला बहुधा दिवसातून एकदा प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे सांगतात आणि गुण आला की एकावर आणतात. पण तुमचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे. बाटलीवर फवाऱ्यांची संख्या छापलेली असते. १२० फवाऱ्यांची बाटली रोज चार या हिशेबाने महिनाभर जाते, रोज दोनवर आल्यास दोन महिने. जनऔषधी केंद्रात स्वस्तातली बाटली मिळते का, तेही विचारावे.

फवारा मारण्याची रीत

औषध चांगले आणि हात वाईट, असे पुष्कळदा होते. पाठीवरच्या पंपाची तोटी कुठे धरायची हे आपल्याला शिकवावे लागत नाही. हीही तोटीच आहे.

१. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळे करावे. फार घाण असेल तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवावे आणि थोडा वेळ थांबावे.

२. बाटली हलवावी. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुके येईपर्यंत हवेत दाबावी.

३. मान किंचित खाली झुकवावी. मागे टाकू नये. औषध घशात उतरते आणि वाया जाते.

४. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा. तोटीचे तोंड मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने असावे. पडद्यावर रोज मारा झाला की तिथे कोरड पडून रक्त येते.

५. दाबताना नाकाने हळूच श्वास घ्यावा, तोंडाने सोडावा. तपकीर ओढल्यासारखे जोरात ओढू नये.

६. लगेच नाक शिंकरू नये. तोटी पुसून टोपण लावावे. एक बाटली एकाच माणसाची. घरभर फिरवू नये.

सावध कुठे राहावे?

नाकात कोरड, जळजळ, घशाला कडवट चव किंवा थोडे रक्त, हे काहींना होते. रक्त वारंवार येत असेल तर फवारा थांबवून डॉक्टरांना दाखवावे. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, नाकाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, बाई गरोदर असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील, तर आधी सांगावे. काही गोळ्यांचे या औषधाशी जमत नाही. मधुमेह असल्याचेही लपवू नये.

आणि प्रत्येक बंद नाक म्हणजे ॲलर्जी नव्हे. एकच नाकपुडी सतत बंद, घाण वास, रक्ताळ पाणी, तापासह चेहरा ठणकणे, छातीत घरघर किंवा दम, यांपैकी काही असेल तर फवाऱ्याच्या भरवशावर बसू नये. मधुमेही माणसाचा अर्धा चेहरा दुखू लागला, सुजला किंवा नाकातून काळपट घाण आली, तर त्याच दिवशी घाटी रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

औषधाबरोबर बांधही पाहा

फवारा त्रास आवरतो, वावडे मुळातून काढत नाही. परागकण येतात ते आपल्याच बांधावरून. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. नेमके तेच दिवस आपल्या राखी पौर्णिमेच्या आसपासचे. त्या आठवड्यात फुलावर येण्यापूर्वीच गवत मुळासकट उपटावे. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला रुमाल असावा. ज्याला वावडे आहे त्याने स्वतः उपटू नये. त्या गवतावर पांढरट अंगाचे, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोतून मुद्दाम आणून १९८४ साली आपल्या देशात सोडलेले आहेत आणि गाजर गवताची पाने खाणे हेच त्यांचे काम.

गेली दोन वर्षे आम्ही फवारा वेळेवर घेतो. शिंका पार गेल्या, असे म्हणणार नाही. पण रात्री झोप लागते, ट्रॅक्टरवर डोळा लागत नाही आणि सुईची वाट आम्ही विसरलो. बॉयलर पेटून पहिली मोळी पडेल तेव्हा आपल्याला शेतात धडधाकट उभे राहायचे आहे. तरी ज्या सभासदांना हा त्रास आहे त्यांनी थेंब आणि सुई बाजूला ठेवून एकदा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, फवारा कसा मारायचा ते त्यांच्यासमोर करून दाखवावे आणि येत्या राखी पौर्णिमेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवावी, ही आमची आग्रहाची विनंती.