कपडेपटातली कामगिरी

जुन्या नाटक कंपन्यांत कपडे, दागिने आणि पगड्या सांभाळणाऱ्या खात्याला कपडेपट म्हणत. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत या खात्यावर पाण्यासारखा पैसा खर्च होई. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे शालू-पैठण्या पाहायला प्रेक्षक जसे येत, तसे घरच्या बायकांचे पेहरावही त्यांच्यावरून बदलत. कंपनीच्या कर्जबाजारीपणाला ही हौसही कारण झाली.

नेमके उलटे उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’चे. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात आले. धोतर नेसलेल्या ब्राह्मणांची रांग हाच त्यातला पडदा. एकसारख्या पेहरावामुळे माणसे वेगवेगळी न दिसता भिंत दिसते, आणि रांग पाठ फिरवते तेव्हा मागचे सारे झाकले जाते. इथे धोतराने नेपथ्याचेही काम केले, तेही फारसा खर्च न होता.

वेशभूषाकार आधी संहितेतून प्रवेशवार यादी काढतो: कोण कोणत्या प्रवेशात, किती वेळाने पुन्हा येतो, मधे कपडे बदलायला वेळ किती. वेळ थोडा असेल तर शिवलेली नऊवारी, बटणांऐवजी हुक किंवा वेल्क्रो. मग प्रकाशयोजनाकाराशी बोलणे अटळ, कारण लाल प्रकाशात हिरवे लुगडे काळपट दिसते आणि पांढरेशुभ्र कापड डोळ्यांवर येते. शेवटच्या रांगेतून बारीक बुट्टी दिसत नाही, रुंद काठ दिसतो. नव्या कापडाचा कोरेपणा चहाच्या पाण्याने घालवता येतो.

ऐतिहासिक नाटकात सर्वाधिक घोटाळा डोक्यावर होतो. पुणेरी पगडी ही 19व्या शतकातल्या पुण्याची खूण. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ती शिवकाळातल्या पात्राला घातली की जाणकार प्रेक्षक लगेच हसतो. संदर्भासाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहेत. नाटकाचे फोटो पाहून नाटकाचे कपडे करण्यापेक्षा ती वाट चांगली.

सामानासाठी फार लांब जावे लागत नाही. नकली दागिन्यांना तुळशीबाग, कापडाला लक्ष्मी रस्ता, लेस-मणी-जरीला रविवार पेठ, जुन्या वस्तूंना जुना बाजार. अंगरखे, शेले आणि पगड्या भाड्यानेही मिळतात. गॅदरिंगच्या हंगामात मात्र आधी सांगून ठेवावे लागते आणि मापात तडजोड करावी लागते. एकांकिका करणारी महाविद्यालयीन मुले बहुधा घरातल्या ट्रंकाच उपसतात.

कपडे रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी हातात पडले, तर नटाला त्यांत वावरायची सवयच होत नाही. धोतर नेसणाऱ्याने तर पहिल्या तालमीपासून धोतरच नेसावे.