यकृताचे वण आणि एका वनस्पतीची परीक्षा

हाताला खोल जखम झाली तर ती भरून येते, परंतु मागें वण राहतो. यकृताचेंही तसेंच आहे. मद्यपान, काविळीचे कांहीं प्रकार किंवा विषारी द्रव्यें यांमुळें त्यास वर्षानुवर्षें इजा होत राहिली, म्हणजे त्यांतील कांहीं पेशी कोलॅजेन नांवाचे चिवट तंतु निर्माण करूं लागतात. वणावर वण चढतो, मऊ यकृत कठीण होतें, रक्ताचा मार्ग रोधला जातो आणि अखेर प्राण संकटांत येतो.

भूमध्य समुद्राच्या आसपास मिल्क थिसल नांवाची एक काटेरी वनस्पति उगवते. तिचीं बीजें यकृतविकारांवर देण्याची युरोपांत फार जुनी वहिवाट आहे. म्युनिक येथील शास्त्रज्ञांनीं त्या बीजांतील सिलिमरिन नामक सत्त्वाचें रासायनिक स्वरूप १९६८ सालीं उघड केलें. परंतु वहिवाट म्हणजे पुरावा नव्हे.

१९९७ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं उंदरांची पित्तनलिका बंद करून त्यांच्या यकृतांत वण उत्पन्न केले. कांहींना तें सत्त्व दिलें, कांहींना दिलें नाहीं. पुढें कोलॅजेन मोजलें, तों अधिक मात्रा मिळालेल्या उंदरांत तें सुमारें एक तृतीयांशानें कमी आढळलें. औषध न दिलेला गट नसता, तर हा फरक औषधाचा कीं निसर्गाचा, हें कोणास सांगतां आलें असतें?

मग मनुष्यास गुण आला काय? ऑस्ट्रियांत १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या १७० रोग्यांच्या परीक्षेंत औषध घेणाऱ्यांत मृत्यु कमी झाले होते. उलट १९९८ सालीं स्पेनमधील २०० मद्यपी रोग्यांत कांहींच फरक दिसला नाहीं. उंदराचा विकार कांहीं आठवड्यांत घडविलेला असतो. मनुष्याचा वर्षानुवर्षें सांचलेला असतो. म्हणून प्राण्यांवरील यश ही आशा होय, निर्णय नव्हे.

पालकांसही एक विनंति आहे. घरांत कोणास कावीळ झाली असतां माळ किंवा मुळी बांधून मोलाचे दिवस दवडूं नयेत. आधीं डॉक्टरांस दाखवावें. वनस्पति म्हटली म्हणजे ती निरुपद्रवीच, असेंही मानूं नये. आणि मुलांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां संशोधक झाला, तर प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच प्रामाणिकपणें सांगा. ज्या मुक्या जिवांनीं प्राण दिले, त्यांचें ऋण फेडण्याचा तोच मार्ग आहे.