डॅटवरचा आवाज संगणकात

सोनीने १९८७मध्ये आणलेली डॅट ही डिजिटल ध्वनिफीत १९९०च्या दशकात चित्रीकरणस्थळी सर्रास वापरली जाई. जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर मिनिटाला २००० फेरे घेणारे हेड तिरक्या रेषांत आकडे लिहीत असे. ती संगणकात घेताना यंत्राचे डिजिटल आउटपुटच वापरावे. आकडे जसेच्या तसे उतरतात. तासाभराच्या फितीला तासभर लागतोच. सॅम्पल रेट मात्र तपासा. ४८ किलोहर्ट्झचा आवाज ४४.१ समजून वाजवला, तर तो सुमारे ८ टक्के मंदावतो, स्वर उतरतो, संवाद आणि ओठांचा मेळ तुटतो. टाइमकोड असल्यास तोही फाइलसोबत जपा. संकलकाला त्याचा मोठा आधार असतो. सोनीने २००५मध्ये डॅट यंत्रे बनवणे थांबवले. चालू यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. कपाटातल्या फिती आताच उतरवून घ्या.