कंपवाताचा माग आतड्यात

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, हा मेंदूचा आजार मानला जातो. हात थरथरणे, स्नायू ताठरणे, चाल मंदावणे ही त्याची ठळक लक्षणे मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्याने उद्भवतात, हे खरेच आहे. तथापि या आजाराची पाऊलवाट अनेक रुग्णांच्या बाबतीत डोक्यापेक्षा पोटापाशी आधी दिसते, असे मानण्यास गेल्या दोन-अडीच दशकांत बराच आधार जमला आहे. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या आपल्या निबंधात रुग्णांच्या मंदावलेल्या आतड्यांची नोंद केली होती. पुढे हवाई बेटांवर ६,७९० पुरुषांची दीर्घकाळ पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना दिवसातून एकदाही शौचास होत नसे, त्यांना पुढे कंपवात होण्याचा धोका रोज एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २.७ पट असल्याचे त्यातून दिसले. बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला कंपवात होतो असा याचा अर्थ मुळीच नाही; परंतु पोट साफ होत नाही ही तक्रार थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीची असू शकते.

याची संगती जर्मन संशोधक हाइको ब्राक यांनी २००३ साली लावली. कंपवाताच्या रुग्णाच्या चेतापेशींत अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन चुकीच्या घडीने साचत जाते. ही साचण्याची क्रिया आतड्याच्या भिंतीतील चेतापेशींत सुरू होऊन, पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूच्या मार्गाने वर सरकत असावी, असे त्यांनी मांडले. ही उपपत्ती सर्वच रुग्णांना लागू पडत नाही, मात्र तिने आतड्यातील जिवाणूंकडे लक्ष वेधण्यास मदत केली. कॅलिफोर्नियातील सर्कीस मझमानियन यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली दाखवून दिले की, हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करणारे उंदीर जिवाणूमुक्त ठेवले असता त्यांच्या हालचालींतील दोष पुष्कळ कमी राहतात, आणि त्यांच्या आतड्यात कंपवाताच्या रुग्णांचे जिवाणू सोडले असता ते दोष निरोगी माणसांच्या जिवाणूंच्या तुलनेत अधिक बळावतात.

रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू निरोगी माणसांपेक्षा वेगळे कसे असतात, हा यापुढचा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशासाठी विशेष महत्त्वाचा आहे. फिनलंडमधील फिलिप शेपरयान्स यांनी २०१५ साली ७२ रुग्ण आणि ७२ निरोगी व्यक्ती यांची तुलना केली, तेव्हा रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला कुळातील जिवाणू सरासरी ७७.६ टक्क्यांनी कमी आढळले. धान्य व भाजीपाल्यातील चोथ्यावर पोसला जाणारा हा जिवाणू भारतीयांच्या आतड्यात मुळातच विपुल असतो, हे पुण्याच्या योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले. तेव्हा ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी यांवर वाढलेल्या घाटावरच्या किंवा घाटाखालच्या शेतकऱ्याच्या आतड्यातील प्रिव्होटेलाचे प्रमाण हेलसिंकीच्या मापाने मोजून त्यावरून रोगाचा अंदाज बांधणे शास्त्राला धरून होणार नाही. त्यातच कापूस आणि सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले आणि रोजच्या ताटात भाकरीच्या जागी गव्हाची पोळी आली. आहारातील या बदलाने आतड्यातील जिवाणूंची घडण कशी पालटते, याचा अभ्यास याच मातीत व्हायला हवा. कंपवाताची महाराष्ट्रातील गाजलेली घरोघर मोजणीही मुंबईच्या पारशी समाजातली आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. तो आकडा एका लहान, वयस्कर समाजाचा असल्याने वऱ्हाडातील खेड्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

जिवाणूंचा संबंध केवळ आजाराच्या उगमाशी नाही, तो औषधाशीही आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने हाच भाग सर्वाधिक उपयोगाचा ठरावा. लेवोडोपा हे कंपवाताचे मुख्य औषध मेंदूत पोहोचून तेथे डोपामिनमध्ये रूपांतरित व्हावे लागते; वाटेतच त्याचे रूपांतर झाले, तर ते डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. हे वाटेतले रूपांतर टाळण्यासाठी गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते, परंतु ते शरीराच्या स्वतःच्या विकराला रोखते, जिवाणूंच्या विकराला पुरेसे रोखत नाही. आतड्यात राहणारा एन्टेरोकोकस फीकॅलिस हा जिवाणू लेवोडोपाचे तेथेच डोपामिन करून टाकतो, असे हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस यांच्या गटाने २०१९ साली सिद्ध केले. एकाच मात्रेने एका रुग्णाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, यामागे जे अनेक घटक असतात त्यांत हाही एक असावा.

गावाकडे ज्या खाजकुइलीच्या शेंगेला लोक हात लावत नाहीत, तिच्या बियांत हेच लेवोडोपा असते. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते या बियांतून वेगळे केले, आणि मुंबईतील अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांवर या बियांच्या चूर्णाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुर्वेदाच्या परंपरेला यातून मिळालेला आधार मोलाचा आहे. मात्र रेणू तोच असल्याने आतड्यातील जिवाणू चूर्णातील लेवोडोपालाही सोडत नाहीत, आणि डॉक्टरांना न सांगता गोळ्यांसोबत चूर्ण घेतल्यास दोन्हींची मात्रा एकत्र होऊन मळमळ, चक्कर किंवा अनावर हालचाली उद्भवू शकतात.

जिवाणू बदलून आजार आटोक्यात आणण्याचे प्रयत्नही झाले आहेत. निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ साली आले. बेल्जियममधील गेंट येथे हालचालींत थोडी सुधारणा दिसली, तर हेलसिंकीच्या चाचणीत खोट्या उपचारापेक्षा ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे जिवाणूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कोणत्याही कॅप्सूलने कंपवात बरा होतो, असे आज म्हणता येत नाही. बद्धकोष्ठावर उपचार मात्र आजच शक्य आहे: ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या यांतील चोथा, पुरेसे पाणी, आणि गरजेप्रमाणे इसबगोल. लेवोडोपाची गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घेण्यास सांगतात, कारण वरण, दूध किंवा अंडी यांतील प्रथिने आतड्यातून शोषली जाताना तिच्याशी स्पर्धा करतात; पोट संथ चालत असेल, तर ती गोळी आतड्यापर्यंत पोहोचण्यासही उशीर लागतो.