साथ होती, ‘आणीबाणी’ नव्हती

बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले अशा औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या कामगारांनाही लागू पडेल अशी अधिसूचना कर्नाटक सरकारने कोविडच्या साथीत, २२ मे २०२० रोजी काढली: दिवसाला ९ ऐवजी १० तास, आठवड्याला ४८ ऐवजी ६० तास काम.

आधार होता कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५ चा. ‘सार्वजनिक आणीबाणी’त कारखान्यांना कायद्यातून सूट देता येते, असं हे कलम सांगत होतं. पण आणीबाणी म्हणजे काय, हेही तिथेच लिहिलं होतं: युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षेला गंभीर धोका. विषाणू यात बसवायचा तर बरीच ओढाताण करावी लागते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ११ जूनला सरकारने अधिसूचना गुपचूप मागे घेतली.

साथ ही आणीबाणी ठरते का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते गुजरातच्या खटल्यात. तिथे १२ तासांची पाळी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी नाही, असा आदेश होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी ही कलम ५ मधली आणीबाणी नव्हे, असं सांगताना न्यायालयाने संविधानातला जगण्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ आणि वेठबिगारीला मनाई करणारा अनुच्छेद २३ यांचा दाखला दिला.

साथीतल्या संचारबंदीची गोष्ट मात्र वेगळी. देशभर मुक्त फिरण्याच्या हक्कावर जनहितासाठी वाजवी निर्बंध घालायला अनुच्छेद १९(५) परवानगी देतो.