नावातलं फळ

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान हायजिया हा लघुग्रह फिरतो. व्यास सुमारे ४३० किलोमीटर. १८४९ साली इटलीतल्या नेपल्स इथून आनीबाले दे गास्पारिस यांनी तो शोधला आणि त्याला आरोग्याच्या ग्रीक देवतेचं नाव मिळालं. काही ज्योतिषी आता कुंडलीतल्या त्याच्या स्थानावरून प्रकृतीचं भाकीत करतात. म्हणजे आधी नाव, मग त्यातून फळ! आमच्या महाळुंगे गावाच्या नावातही महाळुंग ऐकू येतं. पण पाळी संपवून कारखान्यातून निघालेला कामगार इथे महाळुंगाची बाग शोधत नाही. मी कवी, नावाची गोडी मला कळते. पण छातीत कळ आली, तर कुंडली राहू द्या. आधी दवाखाना गाठा.