सात तासांचें गोमंतक

पूर्वीं यात्रेस निघालेला मनुष्य परत येईल तेव्हां खरा, अशा भावनेनें घरचीं माणसें त्याची वाट पाहत. आतां काळ पालटला आहे. तरंगत्या राजवाड्यासारखी प्रवासी बोट रात्रभर चालून सकाळीं एखाद्या बंदरास लागते. उतारू खालीं उतरून तयार उभ्या असलेल्या मोटारींत बसतात, एका दिवसांत एक प्रांत पाहतात, आणि दिवेलागणीपूर्वीं बोटीवर हजर होतात. अशा पाहण्यास दर्शन म्हणावें काय, ही शंका आम्हांस बरेच दिवस होती. गेल्या माघ महिन्यांत चिरंजीवांच्या आग्रहानें मुंबईहून गोमंतकास जाणाऱ्या बोटीवर आमची सहकुटुंब स्वारी निघाली, आणि तिची परीक्षा घेण्याचा योग आला. तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

सकाळीं बोट मुरगांव बंदरास लागली. नऊ वाजतां निघून चार वाजतां परतावयाचें, उशिरा येणाऱ्यासाठीं बोट थांबणार नाहीं, असें आम्हांस दोनदां बजावण्यांत आलें. मोटारींत चाळीस माणसें होतीं. मार्गदर्शक म्हणून तिशीच्या आंतील एक तरतरीत गोमंतकीय तरुण होता. इंग्रजी, हिंदी व कोंकणी तो सारख्याच सफाईनें बोले. दिवसाचा क्रम त्यानें सांगितला: प्रथम जुनें गोवें, मग मंगेशी, मग पणजी, आणि परत.

मंगेशीचें नांव ऐकतांच आमच्या कुटुंबानें हात जोडले. श्रीमंगेश हें आमचें कुलदैवत. नैवेद्य दाखवितांना घरांत त्याचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. परंतु आमच्या दहा वर्षांच्या नातवानें देवाचें स्थान अद्याप पाहिलें नव्हतें.

बंदर सोडल्यावर रस्ता सांकवाळावरून कुठ्ठाळीस येतो, आणि तेथें झुआरी नदी आडवी येते. पूर्वीं हिला तरीनें ओलांडीत. १९८३ पासून पूल झाला, व २०२२ च्या अखेरीस तारांच्या झुल्यांनीं तोलून धरलेला नवा भव्य पूल वाहतुकीस खुला झाला. मार्गदर्शक त्या पुलाची माहिती उत्साहानें सांगत होता आणि सारी मंडळी खिडक्यांतून छायाचित्रें घेत होती. आमच्या कुटुंबानें मात्र पाटीवर कुठ्ठाळी हें नांव वाचून पुन्हां हात जोडले. तें पाहून नातवानें विचारलें, "आजी, इथें देव कुठें आहे?" तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "मागाहून सांगतों." इतिहास व संस्कृत शिकविण्यांत ज्यानें तीस वर्षें घालविलीं, त्याच्या तोंडीं हें उत्तर शोभण्याजोगें नव्हतें. पण भर मोटारींत मोठ्यानें बोलण्याचा आम्हांस संकोच वाटला. तोंवर पूल मागें पडला.

जुन्या गोव्याविषयीं लिहावें तितकें थोडें. १५१० सालीं आल्बुकेर्कनें हें शहर आदिलशाहीकडून घेतलें, आणि पुढें पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज सत्तेची ही राजधानी झाली. कालांतरानें सांथीच्या रोगांनीं वस्ती उठली, १८४३ मध्यें राजधानीचा मान पणजीस मिळाला, आणि माडांच्या बागांत केवळ देवालयें उरलीं. १६०५ मध्यें प्रतिष्ठित झालेलें बॉम जेझूचें देवालय बाहेरून उघड्या जांभ्या दगडाचें आहे. त्याचा गिलावा विसाव्या शतकांत काढून टाकण्यांत आला. आंत सेंट झेवियरचे अवशेष रुप्याच्या पेटींत ठेवलेले आहेत. पेटी गोमंतकीय कारागिरांच्या हातची, आणि तिच्याखालील संगमरवरी चौथरा टस्कनीच्या राजानें इटलींतून पाठविलेला. तो १६९८ मध्यें बसविला गेला. समोरच्या भव्य से कथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्यें कोसळला तो पुन्हां उभा राहिला नाहीं. टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठाचा भग्न मनोरा एकटाच उभा आहे. ज्या सत्तेनें दुसऱ्यांचीं देवळें पाडलीं, तिच्या देवालयांवरही काळानें हात फिरविलेला पाहून मनास समाधान वाटलें नाहीं. उलट उदास वाटलें. हें सर्व पाहावयास आम्हांस सव्वा तास मिळाला.

तेथून मंगेशी फार दूर नाहीं. सात मजल्यांची शुभ्र दीपमाळ, विस्तीर्ण तळी, घुमटाचें देऊळ. नातवास आम्हीं देवाच्या पायांवर घातलें. सभामंडपाच्या बाजूस क्षणभर बसलों असतां मार्गदर्शकाचें बोलणें कानीं आलें. पेशव्यांनीं हा गांव १७३९ मध्यें देवास इनाम दिला, आणि मास्टर दीनानाथांचा जन्म येथला. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण मुख्य गोष्ट त्यानें सांगितली नाहीं. ती आम्हीं तेथेंच नातवास सांगितली. सकाळीं आपण ज्या कुठ्ठाळीवरून आलों, तीच कुशस्थळी, देवाचें मूळ स्थान. साष्टी प्रांत १५४३ मध्यें पोर्तुगीजांकडे गेला. पुढें देवळांवर संकट येणार हें ओळखून १५६० च्या सुमारास भक्तांनीं देव उचलला, नदी ओलांडली, आणि त्यांच्या अंमलाबाहेरील ह्या अंत्रुज महालांत आणून ठेविला. १५६७ मध्यें साष्टींतील देवळें खरोखरच पाडण्यांत आलीं. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, सांकवाळचा नृसिंह वेलिंगास. म्हणजे सकाळपासून आमची मोटार देवांच्याच वाटेनें चालली होती!

हें बोलत असतां मार्गदर्शक केव्हां जवळ येऊन उभा राहिला तें आम्हांस कळलें नाहीं. आम्ही किंचित् रागानें म्हणालों, "अहो, एवढी मोठी गोष्ट तुम्ही पाहुण्यांस कां सांगत नाहीं?" तो क्षणभर गप्प राहिला. मग कोंकणींत हळूच म्हणाला, "मास्तर, माझें घर कुठ्ठाळीसच आहे. आम्ही किरिस्तांव. जे देव घेऊन गेले ते तुमचे पूर्वज. ज्यांना शेत-घर सोडून जातां आलें नाहीं, ते आमचे. ही गोष्ट कोणत्या तोंडानें सांगूं, हें मला अजून उमगलेलें नाहीं."

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ही कथा आम्हीं लहानपणापासून ऐकली ती नेहमीं गेलेल्यांच्या बाजूनें. राहिलेल्यांचें काय झालें, हा प्रश्न आमच्या वर्गांत एकाही विद्यार्थ्यानें विचारला नाहीं, आणि आम्हींही कधीं काढला नाहीं. शेवटीं एवढेंच म्हणालों, "जशी आतां सांगितली, तशीच सांगा."

पणजी धांवतीच पाहिली; जुन्या वस्तींतील रंगीत घरें, मांडवीचा कांठ, एक पेला कोकमाचें सरबत. परततांना मोटार पुन्हां झुआरीवर आली, तेव्हां मार्गदर्शकानें चालकास वेग कमी करावयास सांगितला. ध्वनिक्षेपक हातीं घेऊन त्यानें दोन्ही कांठ दाखविले आणि देव ह्या नदीवरून कसा गेला तें सांगितलें. शेवटीं म्हणाला, "माझे लोक ह्याच कांठावर राहिले." छायाचित्रें घेणारे हात खालीं आले. नातू खिडकीस नाक लावून पाण्याकडे पाहत होता. चारास दहा मिनिटें कमी असतां आम्ही बोटीवर पोहोंचलों.

तेव्हां सात तासांत एखादा प्रांत पाहतां येतो काय? आमचें मत असें कीं, तो पाहून होत नाहीं, पण त्याची ओळख होऊं शकते. मात्र त्यासाठीं घरून थोडी तयारी हवी. निघण्याच्या आदल्या रात्रीं मुलांस जवळ घेऊन नकाशा उघडावा, आणि कोणती नदी कोठें ओलांडावयाची हें त्यांस दाखवावें. मूल वाटेंत प्रश्न विचारील तर त्यास "मागाहून सांगतों" म्हणूं नये. वाटेवरची जागा मागाहून हातीं राहत नाहीं. आणि जो मार्गदर्शक लाभेल, त्यास इतर सर्व विचारण्यापूर्वीं त्याचा गांव कोणता तें विचारावें. आम्हीं तें सकाळींच विचारलें असतें, तर पूल दोन्ही वेळां पाहण्यासारखा झाला असता.